विसण बादलीत घाला, शॉवरखाली नको: कॅम्परमधल्या आंघोळीचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, करून घेतली आहे. १२० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा पंप, गॅसचा गिझर आणि मागे छोटीशी न्हाणी. तुम्ही दोघं आणि बारा व आठ वर्षांच्या दोन मुली. गणपतीपुळ्याहून वेंगुर्ल्याकडे निघालात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्या आंघोळी बाकी असतानाच टाकीने राम म्हटला. आता टपावर आणखी १०० लिटरची टाकी चढवावी, की आंघोळीचं पाणी गाळून पुन्हा शॉवरला देणारी यंत्रणा परदेशातून मागवावी, असं विचारताय. जूनमध्ये हिमाचलातल्या स्पितीला जायचंय आणि तेव्हा सासूबाईही बरोबर आहेत.

माझ्या मते दोन्ही नको. पण का नको ते सांगायला थोडं पाल्हाळ लावावं लागेल.

मी सतरा वर्षं मालवाहू बोटींवर इंजिनीअर होतो आणि गेली नऊ वर्षं पुण्याजवळच्या शेडमध्ये लोकांच्या गाड्यांना कॅम्पर बनवून देतो. पाणी पुरत नाही म्हणून येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला मोठी टाकी हवी असते. टाकी क्वचितच लहान असते. पाणी संपतं ते विसण जुळवण्यात. मिक्सरचे नळ आल्यापासून हा शब्द शहरातून हद्दपारच झालाय. कढत पाण्यात गार पाणी घालून ते अंगाला सोसेल असं करायचं, ते विसण. आजी बादलीत विसण घालायची. आपण नळ वाहता ठेवून, अंगावर चटके आणि शहारे घेत, मोरीतच विसण घालतो.

तुमची गाडी मी पाहिलेली नाही. पण अशाच एका गाडीच्या न्हाणीबाहेर घड्याळ घेऊन उभा राहिलो होतो. मालक आत, मी बाहेर, सांडपाण्याच्या नळीखाली बादल्या लावलेल्या. नळ उघडला, पहिलं गार पाणी तसंच गेलं. मग गिझर ‘भप्प’ करून पेटला आणि आतून ‘अरे अरे’ ऐकू आलं, म्हणजे चटका बसला. त्यांनी गारचा कॉक उघडला. तो जास्त उघडला की गिझरमधून जाणारं पाणी कमी होतं, आणि मिनिटाला साधारण अडीच-तीन लिटरच्या खाली गेलं की गिझर आपोआप विझतो. तसा तो विझला. पुन्हा गार, पुन्हा भप्प. पाणी एकदाचं जमेपर्यंत दोन मिनिटं गेली होती आणि साबणाला अजून हात लागला नव्हता. पुढचं तर आणखी महाग. साबण लावताना त्यांनी शॉवर बंदच केला नाही, कारण बंद केला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून! शेवटी बादल्या मोजल्या तर ४३ लिटर. त्यातलं अंगाच्या कामी आलं असेल दहा-बारा लिटर.

तुमच्या दोघांच्या आंघोळींना असेच ऐंशी-नव्वद लिटर लागले असणार. पिणं, स्वयंपाक, भांडी, हात-तोंड आणि संडास मिळून चौघांना दिवसाला तीसेक लिटर लागतात. म्हणजे टाकी बरोबर तिथेच संपली जिथे संपायला हवी होती. काही जण नळीला दोष देतात, ‘नळीतलं गार पाणी वाया जातं’ म्हणतात. अर्ध्या इंची नळीत मीटरला जेमतेम सव्वाशे मिलीलिटर पाणी मावतं. गाडीत चार मीटर नळी धरली तरी अर्धा लिटर. तो घरातला प्रश्न आहे, गाडीतला नाही.

बोटीवर मी याची उलटी बाजू पाहिली आहे. मोठ्या जहाजावर फ्रेश वॉटर जनरेटर असतो. मुख्य इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची उष्णता घेऊन, हवा काढून टाकलेल्या भांड्यात तो समुद्राचं पाणी पन्नासएक अंशांनाच उकळवतो आणि रोज कित्येक टन गोडं पाणी करतो. जहाज चालू असेपर्यंत चैन. पण बंदराबाहेर नांगर टाकून दहा-पंधरा दिवस थांबलो, की मुख्य इंजिन बंद आणि पाणी करणं बंद. मग सकाळ-संध्याकाळ एकेक तास पाणी सुटायचं. तेव्हा सगळे आपोआप ‘नेव्ही शॉवर’ घ्यायला लागायचे: अर्धं मिनिट भिजायचं, पाणी बंद, साबण, मग मिनिटभर धुवायचं. दहा-अकरा लिटरमध्ये काम. मला त्याचा मोठा अभिमान होता.

तो आईने उतरवला. पहिली गाडी तयार झाल्यावर तिला घेऊन हर्णैला गेलो होतो. तेव्हा ती चौऱ्याहत्तरची. मी माझा नेव्ही शॉवर करून दाखवला, अकरा लिटर. तिने शॉवरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाट मागितला. पाट नव्हता, म्हणून भाजीचा क्रेट पालथा घातला. बादली आणि तांब्या घेऊन बसली. मी पाणी मोजून दिलं होतं आणि उरलेलं पुन्हा मोजलं. साडेसहा लिटर, आणि आंघोळ माझ्यापेक्षा स्वच्छ.

कसं केलं ते तिला नंतर विचारून घेतलं, कारण युक्ती तिथेच आहे. पाणी ती ओतत नाही, सोडते. अर्धा तांब्या खांद्यावर सोडायचा आणि दुसरा हात त्या पाण्याबरोबर खाली न्यायचा, म्हणजे तेच पाणी खांदा, दंड, कूस, कंबर एवढं सगळं भिजवत जातं. साबण अंगाला न लावता ओल्या पंचाला लावायचा आणि पंचाने अंग घासायचं. साबण कमी लागतो, म्हणून धुवायला पाणी कमी लागतं. पाय शेवटी, वरून आलेल्या पाण्यातच. “विहिरीवरून दोन हंडे आणून बघ, मग कळेल,” एवढंच म्हणाली. आमच्याकडे वैशाखात विहीर तळाला जायची, त्यामुळे हे शिकवावं लागलं नव्हतं.

तेव्हापासून मी गाडीवाल्यांना सांगतो की विसण बादलीत घाला. बादलीत ते घालताना एक थेंब वाया जात नाही. शिवाय बादलीला तळ असतो आणि तो दिसतो. शॉवरखाली उभ्या माणसाला टाकी दिसत नाही, आठ वर्षांच्या मुलीला तर नाहीच. बादली दिली की तीच विचारते, “बाबा, केसांना उरेल ना?”

करायचं असं. बारा लिटरची पांढरी बादली घ्या आणि ६ व ८ लिटरवर इन्सुलेशन टेपच्या पट्ट्या लावा. टाकीतलं पाणी २० अंशांचं असेल तर एक भाग उकळतं आणि तीन भाग गार मिळून बरोबर ४० अंश होतं, म्हणजे आंघोळीजोगं. म्हणून ६ च्या पट्टीपर्यंत गार पाणी, मग ८ च्या पट्टीपर्यंत उकळतं. आजीचा क्रम उलटा असायचा, कढत पाण्यात गार. पण हलत्या गाडीत, मुलांसमोर, आधी गार मग कढत हाच क्रम ठेवा. बादली न्हाणीत गेल्यावर तिच्यात उकळतं ओतायचं नाही, ते बाहेर ओट्यापाशीच.

ज्यांना तांब्या जमत नाही त्यांच्यासाठी बादलीत सोडायचा, चार्ज होणारा छोटा पंप मिळतो. त्याला नळी आणि हँड शॉवर जोडलेला असतो. मी जे मोजले ते मिनिटाला अडीच-तीन लिटर देतात. शेतकऱ्यांचा बॅटरीवरचा फवारणी पंपही झकास चालतो, पण नवा कोरा. एकदा औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी अंगावर घ्यायचा नाही. त्याचा बारीक फवाऱ्याचा नोझलही बदला. धुक्यासारखे थेंब हवेतच गार होतात आणि गरम पाण्यातही माणूस कुडकुडतो.

लांब केसांचं वेगळं सांगतो, कारण तुमच्याकडे तिघींचा प्रश्न आहे. डोक्यावरून न्हायचं त्या दिवशी चार-पाच लिटर जास्त द्या. त्यात काटकसर केली तर शॅम्पू केसांत राहतो आणि मग भांडणं होतात. शॅम्पू आधी तांब्याभर पाण्यात मिसळून तो केसांवर सोडला की धुवायला बरंच कमी पाणी लागतं. आठवड्यात दोनदा पुरतं. कोकणात घामामुळे रोज वाटतं ते कबूल, पण तिथे गार पाणीही चालतं, टाकीतलंच कोमट असतं. नरक चतुर्दशीचं तेल-उटणं मात्र घरीच करा.

‘तरी मला शॉवरच हवा’ असंही असू शकतं. मग प्रवाह जिथे हात आहे तिथेच थांबला पाहिजे. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे नवा हेल्थ फॉसेट. दाबला तर पाणी, सोडला तर बंद. त्याच्या नळीच्या तोंडाशी बारीक भोकाचा वॉशर टाकला की प्रवाह निम्म्यावर येतो. पण थांबून-थांबून वापरायचा शॉवर आणि चालू-बंद होणारा गॅस गिझर यांचं जमत नाही, ते वर पाहिलंच. त्यासाठी गरम पाणी साठवणारी टाकी लागते. बोटींवर कॅलॉरिफायर वापरतात: इंजिनाला थंड ठेवणारं कूलंट एका कॉइलमधून फिरतं आणि भोवतालचं पंधरा-वीस लिटर पाणी तापवतं. तासभर गाडी चालवली की संध्याकाळचं पाणी फुकट गरम. मात्र ते अंग भाजेल इतकं तापतं, त्यामुळे पुढे थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गरम-गार आपोआप मिसळून ठरलेलं तापमान राखणारा कॉक, हवाच. मग पाणी बंद करा, चालू करा, तापमान तेच राहतं. तुमच्या बजेटमध्ये एकच मोठी वस्तू बसत असेल तर ती ही घ्या.

विजेवर तापवायचं म्हणाल तर १० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला साधारण पाव युनिट लागतं. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत सगळं मिळून सव्वा युनिट. म्हणजे चौघांच्या दहा-दहा लिटरमध्ये ती जवळपास झोपते, आठ-आठ लिटरमध्ये निभावते. ४३ लिटरच्या शॉवरचा विचारच नको. पाणी वाचलं की उष्णता वाचते, आणि गाडीत उष्णता पाण्यापेक्षा महाग पडते.

गॅस गिझरबद्दल मात्र हात जोडून सांगतो. घरच्या बंद न्हाणीघरात गॅस गिझरने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. गाडी त्या न्हाणीघरापेक्षा फार मोठी नाही. हवा अपुरी पडली की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला वास नसतो आणि माणसाचं डोकं दुखतं, गरगरतं किंवा नुसती झोप आल्यासारखं वाटतं. तुमचा गिझर बाहेरून हवा घेणारा आणि बाहेरच धूर सोडणारा नसेल, तर तो आतून काढा. मागच्या दाराबाहेर टांगून वापरा किंवा वापरूच नका. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर आजच लावा.

आता टपावरची टाकी. १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि तेही गाडीच्या सर्वांत उंच जागी. आंबेनळी किंवा कुंभार्ली घाटात अर्धी भरलेली टाकी प्रत्येक वळणाला बाहेरच्या बाजूला धावते. भरलेली परवडली, अर्धी नको. शिवाय उंचावर आहे म्हणून जोर मिळेल हा भ्रम आहे. दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो, तुमच्या शॉवरच्या वर टाकी जेमतेम अर्धा मीटर असेल. पंप लागणारच. जास्तीचं पाणी हवंच असेल तर वीस लिटरचे दोन जार आसनाखाली, चाकांच्या मधोमध बांधून ठेवा. त्यांचा मोठा फायदा असा की जार उचलून नेता येतो. कोकणात कुणाच्याही अंगणात “दोन जार पाणी भरू का?” विचारलं तर नाही म्हणत नाहीत. ‘गाडी लावून टाकी भरू का’ विचारलं तर चेहरा बदलतो.

पाणी गाळून फिरवणारा शॉवर ही कल्पना वाईट नाही. तीन-चार लिटरमध्ये हवा तितका वेळ उभं राहता येतं. पण त्यात केस, साबण, तेल, कातडीचा कोंडा सगळं फिरत असतं. गाळणी रोज धुवायची, जंतू मारणारा दिवा चालू आहे की नाही ते पाहायचं, प्रत्येक माणसागणिक पाणी बदलायचं आणि शेवटी पुन्हा चांगल्या पाण्याने अंग धुवायचं. तोंडात पाणी घेऊन चूळ टाकणारी मुलं असताना तर नकोच. एकट्या, हौशी, हाताने दुरुस्ती करणाऱ्या माणसाचं ते खेळणं आहे. कुटुंबाचं नाही.

तर चौघांच्या आंघोळीला ३२ आणि इतर कामांना ३० मिळून दिवसाला साठएक लिटर. १२० लिटर म्हणजे दोन पूर्ण दिवस. रोज नुसतं अंग पुसून भागवलं तर तिसरा दिवस निघतो. यापलीकडे पाच दिवस कुणी सांगत असेल तर तो भांडी समुद्रात धूत असेल.

समुद्राचंच निघालं म्हणून सांगतो. खाऱ्या पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही, त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे चिकट साका होतो. शॅम्पूला मात्र फेस येतो, म्हणून शिडाच्या बोटीवरची माणसं डेकवर समुद्राच्या पाण्यात शॅम्पूने न्हातात आणि शेवटी लिटर-दीड लिटर गोडं पाणी अंगावर घेतात. ते शेवटचं चुकवायचं नाही. अंगावर राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढतं आणि रात्रभर अंथरूण चिकट राहतं. मुली किनाऱ्यावरून वाळूने माखून येतील तेव्हा आधी बाहेरच एका मगात पाय, मग आत.

एक माझी फजिती सांगून ठेवतो. तारकर्लीला रात्री पंप दर दहा-बारा मिनिटांनी ‘टर्र’ करून थांबत होता. मला झोपेत वाटलं शेजारच्या गाडीचा फ्रिज असेल. सकाळी टाकी कोरडी. न्हाणीतला एक कॉक थेंब-थेंब गळत होता. दाब उतरला की पंप इमानेइतबारे पुन्हा भरत होता. तेव्हापासून मी प्रत्येक गाडीत पंपाचं बटण दाराजवळ लाल दिव्यासकट देतो. रात्री आणि गाडी चालताना पंप बंद. हेल्थ फॉसेट लावणार असाल तर हे अधिकच पाळा, कारण त्याची नळी सतत दाबाखाली ठेवली की केव्हातरी फुटते.

आता स्पिती. तिथे माझा एकास तीनचा हिशेब चालत नाही. स्पितीतलं काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. टाकीतलं पाणी तिथे जूनमध्येही सकाळी पाच-सहा अंशांचं मिळेल. ८ लिटरच्या बादलीला दोनऐवजी साधारण सव्वातीन लिटर उकळतं लागेल. गॅस त्याप्रमाणे जास्त न्या. पण रोज आंघोळीची तिथे गरजही नाही. हवा कोरडी, घाम नाही, आणि साबणाने कातडी तडकते. गरम पाण्यात पिळलेल्या पंचाने अंग पुसा, माणशी दीड-दोन लिटर. दोन-तीन दिवसांनी एखाद्या होमस्टेत मुक्काम करून सगळ्यांनी मनसोक्त न्हा. विरळ हवेत गिझरची ज्योतही नीट जळत नाही, तेव्हा गिझर बाहेर ठेवायची आणि अलार्म लावायची सूचना तिथे दुप्पट लागू.

सांडपाण्याची टाकी निदान स्वच्छ टाकीच्या निम्मी हवी, नाहीतर वाचवलेलं पाणीही कुठे टाकायचं हा प्रश्न येतो. साबणाचं पाणी ओढ्यात सोडू नका, स्पितीकडच्या चंद्रतालच्या बाजूला तर अजिबात नाही, ते जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतलं तळं आहे. कोकणात ही टाकी रोज रिकामी करा. उकाड्यात दुसऱ्या दिवशी असा वास सुटतो की जेवण जात नाही.

सासूबाईंसाठी न्हाणीत एक बुटका पाट किंवा रबरी पायांचं प्लास्टिकचं स्टूल ठेवा आणि भिंतीला एक मूठ बसवून घ्या. फायबरचा तळ साबणाने भयंकर घसरतो. त्यांना शॉवर कसा चालतो ते समजावत बसू नका. बादली आणि तांब्या द्या, आणि जमलं तर त्यांच्या बादलीत शेवटी किती उरलं ते मोजून मला कळवा.